दुधाचा कोटा आणि व्यापार करार : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात आम्ही कॅनडातील दूध, अंडी, ब्रॉयलर कोंबडी, टर्की आणि उबवणीची अंडी या पाच उत्पादनांसाठी चालणाऱ्या ‘पुरवठा व्यवस्थापन’ पद्धतीची ओळख करून दिली होती. देशातील मागणीचा अंदाज घेऊन तेवढेच उत्पादन कोट्याने वाटून द्यायचे, शेतकऱ्याला उत्पादनखर्चावर आधारलेला भाव मिळवून द्यायचा आणि बाहेरून येणारा माल ठरावीक मर्यादेत ठेवायचा, अशा तीन पायांवर ही तिवई उभी आहे. त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच शंकेकडे होता : आंतरराष्ट्रीय व्यापार करारांपुढे ही पद्धत टिकणार कशी, आणि टिकवायची असेल तर तिने स्वतःत काय बदलावे? त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत. वेगळा उल्लेख नसेल तेथे रकमा कॅनेडियन डॉलरमध्ये आहेत.

प्रश्न : ही पद्धत सुरुवातीपासूनच आंतरराष्ट्रीय नियमांच्या विरोधात होती का? की नियम नंतर बदलले?

उत्तर : नियम नंतर बदलले, आणि पद्धतीने त्यांच्याशी एकदा जुळवूनही घेतले, हा इतिहास आजच्या चर्चेत फारसा आठवला जात नाही. कॅनडाचा दुग्ध आयोग १९६६ मध्ये स्थापन झाला. १९७०-७१ च्या सुमारास क्वेबेक आणि ओंटारिओ या प्रांतांनी एकमेकांच्या कोंबड्या व अंडी अडवायला सुरुवात केली, तेव्हा प्रांताप्रांतांतील हा संघर्ष मिटवण्यासाठी १९७२ मध्ये शेतमाल पणन संस्थांचा केंद्रीय कायदा झाला आणि त्यातून राष्ट्रीय कोट्याची घडी बसत गेली. त्या काळच्या गॅट या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या अकराव्या कलमात यासाठी जागा होती : जो देश स्वतःच्या शेतकऱ्यांचे उत्पादन आवरून धरतो, त्याला त्या मालाच्या आयातीवर संख्येची मर्यादा घालता येत असे. ही सवलत अरुंद होती, हे १९८९ मध्येच दिसून आले. आइसक्रीम आणि दही यांच्या आयातीवर कॅनडाने घातलेली मर्यादा गॅटच्या पॅनेलने त्या वर्षी अमान्य ठरवली.

गॅटच्या ‘उरुग्वे फेरी’ या वाटाघाटींनंतर, १ जानेवारी १९९५ पासून, जागतिक व्यापार संघटनेच्या शेतीविषयक कराराने ही वाटच बंद केली. संख्येची मर्यादा उठवून तिच्या जागी आयात शुल्क आणणे सदस्य देशांना बंधनकारक झाले. कॅनडाने मग प्रत्येक उत्पादनासाठी दोन पायऱ्या केल्या. ठरावीक प्रमाणापर्यंतचा माल कमी शुल्काने किंवा शुल्काशिवाय येईल, आणि त्यापुढील मालावर इतके शुल्क लागेल की तो आणणे कोणालाही परवडू नये. लोण्यावर २९८.५ टक्के, चीजवर २४५.५ टक्के, कोंबडीच्या मांसावर २३८ टक्के हे बहुचर्चित आकडे तेथून आले आहेत. अमेरिकेने या शुल्कांना उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार कराराखाली आव्हान दिले, पण १९९६ मध्ये पॅनेलने कॅनडाच्या बाजूने कौल दिला. साधन बदलले आणि कार्य तेच राहिले, असे ते पहिले जुळवून घेणे होते. मात्र त्यामुळे एक नवी दुर्बलता आली. संख्येच्या मर्यादेवर वाटाघाटीत घासाघीस करणे अवघड असते. पहिल्या पायरीचा कोटा थोडा वाढवून मागणे मात्र फार सोपे असते, आणि पुढचे सर्व करार त्याच पायरीवर झाले.

प्रश्न : अलीकडच्या करारांनी नेमकी किती बाजारपेठ खुली झाली? टक्केवारी तर लहान दिसते. मग एवढा गहजब का?

उत्तर : युरोपीय संघाशी झालेला करार २१ सप्टेंबर २०१७ पासून तात्पुरत्या स्वरूपात लागू झाला आणि त्याने १७,७०० टन अधिक चीजला वाट दिली. जागतिक व्यापार संघटनेखाली आधीपासून येणारे चीज सुमारे २०,४०० टन होते, हे लक्षात घेतले म्हणजे ही वाढ किती मोठी होती ते कळते. प्रशांत महासागरी देशांचा करार ३० डिसेंबर २०१८ ला लागू झाला. त्यात दूध उत्पादनाच्या ३.२५ टक्के, अंड्यांच्या २.३ टक्के, कोंबडीच्या २.१ टक्के, टर्कीच्या २ टक्के आणि उबवणीच्या अंड्यांच्या १.५ टक्के इतका वाटा देण्यात आला. अमेरिका व मेक्सिको यांच्याशी झालेला नवा करार १ जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याने दुधाचा आणखी सुमारे ३.६ टक्के वाटा दिला. तिन्ही मिळून दुधापुरते हे प्रमाण आठ टक्क्यांच्या आसपास जाते.

आठ टक्के लहान वाटतात याचे कारण आपण ते एकूण बाजारपेठेच्या मापाने मोजतो. शेतकऱ्याचे माप वेगळे आहे. या पद्धतीत कोटा म्हणजे उरलेला आकडा असतो : मागणीतून आयात वजा केली की जे उरते ते देशी गोठ्यांत वाटले जाते. त्यामुळे आयात वाढली की तो भार थेट कोट्यावर येतो, तर गोठा, यंत्रे, कर्ज आणि मजुरी यांचा खर्च तेवढाच राहतो. खर्च स्थिर आणि दूध कमी, म्हणजे प्रत्येक लिटरचा खर्च जास्त. आणि भाव उत्पादनखर्चावर आधारलेला असल्यामुळे तो वाढवण्याची मागणी पुढे येते. तिवईचा एक पाय आखूड झाला की उरलेल्या दोन पायांवरही ताण येतो, तो असा.

या ताणाची धार एका गोष्टीने बोथट केली. हे वाटे एकदम न देता वर्षानुवर्षे टप्प्याटप्प्याने वाढतात, आणि त्याच काळात कॅनडाची लोकसंख्या वेगाने वाढून जून २०२३ मध्ये चार कोटींच्या पुढे गेली. लोणी, मलई आणि चीज यांची मागणीही वाढली. म्हणून अनेक गोठ्यांना कोट्यात प्रत्यक्ष कपात सोसावी लागली नाही; जी वाढ त्यांच्या वाट्याला यायची तिचा काही भाग आयातीकडे गेला. सवलत द्यावीच लागणार असेल तर ती मागणीच्या वाढीच्या गतीशी बांधून द्यावी, ही माझ्या मते वाटाघाटी करणाऱ्यांनी धरून ठेवण्याजोगी पहिली गोष्ट आहे.

प्रश्न : मी दुग्धतंत्रज्ञानाची विद्यार्थिनी आहे. ‘सातव्या वर्गाच्या दुधा’वरून अमेरिका आणि कॅनडा यांच्यात वाद झाला असे वाचले. दुधाच्या वर्गाचा व्यापार कराराशी काय संबंध?

उत्तर : आपला प्रश्न या विषयाच्या गाभ्याला हात घालतो, म्हणून त्याचे उत्तर जरा सविस्तर देतो.

कॅनडात शेतकऱ्याचा कोटा फॅटच्या किलोंमध्ये मोजला जातो. ढोबळमानाने दररोज एक किलो फॅट म्हणजे एक गाय. प्रक्रिया उद्योगाला मात्र दूध त्याच्या वापरानुसार वेगवेगळ्या भावाने विकले जाते : पिण्याच्या दुधासाठी एक वर्ग, दही-आइसक्रीमसाठी दुसरा, चीजसाठी तिसरा. शेतकऱ्याला या सर्वांचा सरासरी भाव मिळतो. आता अडचण अशी की गाय फॅट वेगळे आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातील उरलेले घन पदार्थ) वेगळे देत नाही. लोण्याची मागणी वाढली म्हणून कोटा वाढवला की दुधातील प्रथिने व इतर घन पदार्थही तेवढेच वाढतात, आणि त्यांना देशात तितके गिऱ्हाईक नसते. म्हणजे कोट्याने फॅटचा मेळ अचूक बसतो आणि नेमका त्यामुळेच एसएनएफचा साठा साचतो. ही शिल्लक कोठे घालवायची, हा या पद्धतीचा जुना आणि न सुटलेला प्रश्न आहे.

पूर्वी ती निर्यातीने घालवली जात असे. परंतु अमेरिका आणि न्यूझीलंड यांनी जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. प्रक्रियादारांना निर्यातीसाठी स्वस्त दूध देणे ही निर्यात अनुदानाचीच एक तऱ्हा आहे, असा निर्णय १९९९ मध्ये आला; कॅनडाने रचना बदलल्यावर तीही डिसेंबर २००२ मध्ये अमान्य झाली. सरकारी तिजोरीतून एक डॉलरही गेला नव्हता, तरी देशातील संरक्षित भावाने शेतकऱ्याचा मुख्य खर्च भागवला आणि त्या बळावर तो परदेशी ग्राहकाला स्वस्तात विकू शकला, असे न्यायनिवाड्याचे तर्कशास्त्र होते. युरोपीय संघाच्या साखरेबाबत २००५ मध्ये हेच तर्कशास्त्र पुन्हा लागू झाले. पुढे डिसेंबर २०१५ च्या नैरोबी परिषदेत निर्यात अनुदानेच संपवण्याचे ठरले.

निर्यातीची वाट अशी अरुंद झालेली असतानाच देशातही एक छिद्र पडले. अमेरिकेतून गाळणी तंत्राने घट्ट केलेले दूध प्रथिनांचा घटक म्हणून शुल्काशिवाय येऊ लागले आणि चीज कारखाने ते वापरू लागले. त्याला उत्तर म्हणून २०१७ च्या आरंभी सातवा वर्ग काढण्यात आला : प्रथिने आणि दूध भुकटी यांसाठी लागणारे एसएनएफ देशी प्रक्रियादारांना जागतिक भावपातळीवर मिळेल. हेतू साध्य झाला. आयात घटली, स्किम दूध भुकटीची निर्यात वाढली. पण त्याच वर्षी अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील एका प्रक्रियादाराने आपली कॅनडाकडील मागणी संपल्याचे सांगून सुमारे ७५ दूध उत्पादकांचे दूध घेणे थांबवण्याची सूचना दिली. त्या घरांवर काय गुजरली असेल याचा विचार केल्यावाचून या वादाकडे पाहू नये. हा विषय थेट राजकारणाच्या पहिल्या पानावर गेला आणि २०२० च्या करारात त्याची किंमत कॅनडाने मोजली.

ही किंमत मला आयातीच्या ३.६ टक्क्यांपेक्षा जड वाटते. सातवा वर्ग सहा महिन्यांत रद्द करावा लागला. भुकटी आणि प्रथिने यांसाठी लागणाऱ्या एसएनएफचा भाव अमेरिकेत जाहीर होणाऱ्या दूध भुकटीच्या भावाशी जोडला गेला. शिवाय स्किम दूध भुकटी आणि प्रथिनांच्या निर्यातीवर मर्यादा आली : पहिल्या वर्षी ५५,००० टन, दुसऱ्या वर्षी ३५,००० टन आणि पुढे अगदी अल्प वाढ, मर्यादेबाहेरील प्रत्येक किलोवर ५४ सेंट अधिभार. ही मर्यादा केवळ अमेरिकेकडे जाणाऱ्या मालावर नसून जगात कोठेही जाणाऱ्या मालावर आहे. म्हणजे एका कराराने देशांतर्गत भावाच्या आणि निर्यातीच्या रचनेवरही हात ठेवला.

यातून जुळवून घेण्याची दिशा दिसते. एसएनएफची शिल्लक स्वस्तात बाहेर ढकलण्याचे मार्ग एकामागून एक बंद होणार, हे गृहीत धरून ती देशातच खपवण्याची क्षमता उभी करायला हवी : प्रथिनयुक्त पेये, दही, बालआहार, वैद्यकीय आहार, आणि त्यासाठी लागणारे सुकवणीचे व गाळणीचे आधुनिक कारखाने. यात बालआहाराच्या निर्यातीवरही त्याच करारात वेगळी मर्यादा आहे, याचा विसर पडू नये. दुसरी बाजू गोठ्यातील आहे. फॅटच्या तुलनेत एसएनएफ फार वाढू नये अशा रीतीने शेतकऱ्याला मोबदला देण्याची सूत्रे आखता येतात, आणि पैदास व आहार यांतूनही हे प्रमाण काही अंशी बदलते. स्वित्झर्लंडने २००९ मध्ये कोटा संपवल्यावर दुधाचे अ, ब, क असे विभाग केले. संरक्षित बाजारासाठीचे दूध, जागतिक भावाच्या दबावाखालील दूध आणि निर्यातीचे दूध यांचे भाव वेगळे ठेवले. त्यामुळे कोणत्या लिटरला कोणता भाव मिळणार हे शेतकऱ्याला निदान आधी कळते. सरासरीच्या पडद्याआड ते झाकलेले राहत नाही.

प्रश्न : सवलतीच्या शुल्काने येणारा आयात कोटा नेमका कोणाला मिळतो, आणि त्यावरून तंटे का होतात?

उत्तर : कारण त्या परवान्यात पैसा दडलेला असतो. बाहेर स्वस्त आणि देशात महाग असलेला माल शुल्काशिवाय आणण्याचा हक्क ज्याच्या हाती, भावातील फरक त्याच्या खिशात. हा हक्क देशी प्रक्रियादाराला दिला तर फरकातून त्याचे थोडे नुकसान भरून निघते. पण स्वतःच्याच चीजशी स्पर्धा करणारे चीज तो उत्साहाने आणणार नाही, तो कच्चा घटक आणेल किंवा परवाना अर्धा रिकामा ठेवेल. किरकोळ विक्रेत्याला दिला तर तयार माल थेट फडताळावर येतो. लिलाव केला तर फरक सरकारकडे जातो. कागदावर सवलतीचा आकडा एकच असला तरी वाटपाच्या पद्धतीवरून तिचा खरा परिणाम ठरतो.

कॅनडाने २०२० च्या कराराखाली आयात कोट्याचा मोठा भाग प्रक्रियादारांसाठी राखून ठेवला. अमेरिकेने तक्रार केली आणि डिसेंबर २०२१ च्या अहवालात पॅनेलने ही राखीव पद्धत कराराशी विसंगत ठरवली. कॅनडाने राखीव गट काढून बाजारातील वाट्यानुसार वाटप सुरू केले. त्यावरही अमेरिकेने तक्रार केली, पण नोव्हेंबर २०२३ मध्ये पॅनेलने बहुमताने कॅनडाची बाजू मान्य केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, प्रशांत महासागरी करारातील न्यूझीलंडच्या तक्रारीत, कॅनडाला पुन्हा माघार घ्यावी लागली होती.

माझे मत असे की वाटपाच्या बारीक नियमांतून सवलत परत मिळवण्याचा प्रयत्न दीर्घकाळ महागात पडतो. करारात दिलेला शब्द न पाळल्याचा ठपका पुढच्या वाटाघाटीत हिशेबाला येतो. त्यापेक्षा मान्य केलेली आयात प्रामाणिकपणे येऊ द्यावी, ती येणारच असे धरून कोटा आखावा, आणि जोर सीमेवरील खऱ्या गळतीवर द्यावा. उदाहरणच द्यायचे तर, अंडी देऊन झालेल्या म्हाताऱ्या कोंबड्यांचे मांस आयात मर्यादेच्या बाहेर असल्यामुळे त्याच्या नावाखाली ब्रॉयलरचे मांस आणले जात असल्याची तक्रार कोंबडी उत्पादकांनी वर्षानुवर्षे केली, आणि ट्रेंट विद्यापीठात दोन्ही मांसे ओळखणारी डीएनए चाचणीही तयार झाली. अशा ठिकाणी कठोर होण्याने कोणताही करार मोडत नाही.

प्रश्न : सरकारने शेतकऱ्यांना भरपाई दिली असेल, तर तक्रारीला जागा कोठे उरते?

उत्तर : भरपाई मोठी आहे हे खरे. युरोपीय आणि प्रशांत महासागरी करारांपोटी दूध उत्पादकांना १.७५ अब्ज डॉलर देण्याचे २०१९ मध्ये जाहीर झाले, आणि अमेरिका-मेक्सिको करारापोटी २०२२ मध्ये आणखी १.२ अब्ज डॉलरपर्यंत. परंतु भरपाई उत्पन्नातील घट भरते. या पद्धतीतील सर्वांत नाजूक जागा उत्पन्नात नाही, ती कोट्याच्या किमतीत आहे.

आरंभी जो कोटा बहुतांश फुकट वाटला गेला, तो आज विकत घ्यावा लागतो. पूर्वेकडील पाच प्रांतांनी त्याच्या भावावर एक किलो फॅटमागे २४,००० डॉलरची कमाल मर्यादा घातली आहे. शंभर गायींचा गोठा घेणाऱ्या तरुण जोडप्याला गायी, जमीन आणि इमारत यांच्या आधी केवळ कोट्यापोटी सुमारे २४ लाख डॉलर उभे करावे लागतात, आणि बँका हाच कोटा तारण धरतात. प्रत्येक नव्या कराराची बातमी या तारणाचे मोल हलवते. ज्याच्या वडिलांनी कोटा फुकट घेतला त्याला त्याची झळ कमी. ज्याने पाच वर्षांपूर्वी कर्ज काढून घेतला तो त्यात भाजून निघतो. भरपाई मात्र दोघांनाही कोट्याच्या प्रमाणातच मिळते. हा अन्याय मला अस्वस्थ करतो, आणि धोरणकर्त्यांनी त्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही असे मी स्पष्टपणे म्हणेन.

अन्य देशांनी या गाठीला वेगवेगळ्या रीतीने हात घातला. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २००० रोजी दुधाचे नियंत्रण एका दिवसात उठवले. त्यासाठी ग्राहकाच्या दुधावर लिटरमागे ११ ऑस्ट्रेलियन सेंट उपकर आठ वर्षे बसवून शेतकऱ्यांना हप्त्यांनी मदत दिली. पुढच्या दोन दशकांत तेथील गोठ्यांची संख्या निम्म्याहून खाली आली, आणि पिण्याच्या दुधाच्या कोट्यावर अवलंबून असलेल्या न्यू साउथ वेल्स व क्वीन्सलँड यांना निर्यातक्षम व्हिक्टोरियापेक्षा अधिक सोसावे लागले. युरोपीय संघाने साखरेच्या बाबतीत २००६ पासून वेगळी वाट धरली : जो कारखाना कोटा कायमचा सोडून देईल त्याला पहिल्या दोन वर्षांत टनामागे ७३० युरो, नंतर कमी. लवकर निघणाऱ्याला जास्त आणि रेंगाळणाऱ्याला कमी, अशी ही उतरती रचना होती, आणि २०१७ मध्ये उरलेले कोटे संपले.

दुधाबाबत युरोपने १९८४ पासूनचा कोटा ३१ मार्च २०१५ ला संपवला, पण त्याआधी पाच वर्षे तो दरवर्षी एक टक्क्याने वाढवत नेला. त्यामुळे अनेक देशांत कोट्याची विक्रीकिंमत शेवटच्या दिवसापूर्वीच जवळजवळ विरघळून गेली होती आणि तारणाचा धक्का बसला नाही. बाजाराचा धक्का मात्र बसला. रशियाने २०१४ मध्ये आयात बंद केली होती, उत्पादन वाढले होते, आणि २०१६ च्या मध्याला दुधाचा सरासरी भाव किलोला २६ युरो सेंटच्या आसपास आला. दूध कमी काढण्यासाठी शेतकऱ्यांना किलोमागे १४ सेंट द्यावे लागले व त्यासाठी १५ कोटी युरो बाजूला काढले गेले. ज्यांनी उत्पादन आवरण्याची यंत्रणा मोडली होती त्यांनाच दीड वर्षाच्या आत पैसे देऊन उत्पादन आवरावे लागले, हे विसरण्यासारखे नाही.

कॅनडाने यातून पद्धत मोडण्याचा धडा घ्यावा असे मी म्हणत नाही. कोट्याची यंत्रणा ठेवून कोट्याचे मोल उतरवता येते, एवढाच माझा आग्रह आहे. कमाल भाव दरवर्षी थोडा खाली आणणे, प्रत्येक हस्तांतरणाच्या वेळी काही टक्के कोटा तो वाटणाऱ्या पणन मंडळाकडे परत घेऊन तो नव्याने येणाऱ्यांना विनामूल्य किंवा वापराच्या अटीवर देणे, आणि भरपाईचा पैसा कर्जात असलेल्या गोठ्यांकडे आधी वळवणे, हे तिन्ही मार्ग कोणत्याही परदेशी सरकारला न विचारता घेता येतात. तारण जितके हलके होईल तितकी पुढच्या कराराची झळ कमी.

प्रश्न : आता तर कॅनडाने कायदाच केला आहे की या उत्पादनांत आणखी सवलत देता येणार नाही. मग प्रश्न मिटला ना?

उत्तर : आपण ज्या कायद्याचा उल्लेख करता तो सी-२०२ या विधेयकातून आला आणि त्याला २६ जून २०२५ रोजी राजसंमती मिळाली. त्यापूर्वीचे सी-२८२ हे विधेयक कनिष्ठ सभागृहाने २०२३ मध्ये संमत केले होते, पण जानेवारी २०२५ मध्ये संसदेचे अधिवेशन संस्थगित झाल्यामुळे ते सिनेटमध्येच संपले. नव्या कायद्यानुसार परराष्ट्रमंत्र्यांना कोणत्याही व्यापार करारात आयात कोटा वाढवण्याचे किंवा कोट्यापलीकडील मालावरचे शुल्क घटवण्याचे वचन देता येत नाही.

त्याचे वाटाघाटीतील मोल मी नाकारत नाही. पण तो एकाच दारावर कुलूप लावतो. दुधाच्या वर्गांच्या भावावर आलेली बंधने, निर्यातीवरील मर्यादा आणि आयात कोट्याच्या वाटपावरील निवाडे या कुलपाच्या बाहेर आहेत, आणि २०१७ नंतरचे मोठे आघात त्या बाजूनेही आले आहेत. शिवाय संसदेने केलेला कायदा संसद बदलू शकते.

प्रश्न : ग्राहकाचे काय? एवढा खटाटोप करून शेवटी त्याला महाग दूध घ्यावे लागत असेल, तर ही पद्धत जपावीच कशाला?

उत्तर : भाव चढे राहतात आणि त्यांचा भार कमी उत्पन्नाच्या घरांवर अधिक पडतो, ही टीका रास्त आहे, तिला उत्तर म्हणून शेतकऱ्यांची निष्ठा किंवा गावाचे सौंदर्य पुढे करणे मला पटत नाही. दुसऱ्या पारड्यात स्थैर्य आहे. बर्ड फ्लूच्या साथीत मार्च २०२५ मध्ये अमेरिकेत अंड्यांचा सरासरी भाव डझनाला सहा अमेरिकी डॉलरच्या वर गेला, तेव्हा लहान लहान पोल्ट्री फार्ममध्ये विखुरलेल्या कॅनडाच्या उत्पादनाने तेथील भाव तितके उसळू दिले नाहीत. पण स्थैर्याच्या नावाखाली कार्यक्षमतेतील प्रत्येक सुधारणा कोट्याच्या किमतीत जिरू देणे ग्राहकावर अन्याय आहे. १९७० च्या आसपास एक लाखाहून अधिक असलेले गोठे आता दहा हजारांच्या आत आले आहेत. मोठ्या गोठ्यांनी खर्चात जी बचत केली तिचा काही भाग भावाच्या सूत्रातून ग्राहकापर्यंत पोहोचला पाहिजे. तसे झाल्यास देशी आणि परदेशी भावातील अंतर घटेल, आणि अंतर घटले की आयात परवान्याचा हव्यासही घटेल.

प्रश्न : समजा पुढच्या वाटाघाटीत आणखी काही टक्के द्यावेच लागले, तर आपण पणन मंडळाला कोणता सल्ला द्याल?

उत्तर : अमेरिका-मेक्सिको करारात सहाव्या वर्षी, म्हणजे १ जुलै २०२६ ला, संयुक्त आढावा ठेवलेला आहे; त्यामुळे हा प्रश्न काल्पनिक नाही. मी प्रथम टक्केवारीऐवजी उत्पादनाकडे पाहायला सांगेन. फॅटने भरलेला माल आणि एसएनएफने भरलेला माल यांतील एकच टक्का गोठ्यावर अगदी वेगळा परिणाम करतो. ज्या घटकाची देशात शिल्लक आहे त्यात सवलत दिली तर शिल्लक फुगते. ज्याचा हंगामी तुटवडा पडतो, जसे शरद ऋतूतील लोणी, त्यात दिली तर ती पुष्कळशी मुरून जाते. म्हणून वाटाघाटीच्या खोलीत दुग्धशास्त्र जाणणारा माणूस हवा.

त्यानंतर मी वर्षाची वाढ मागणीच्या अंदाजाशी बांधून मागेन, आणि निर्यातीवर जगभर लागू होणारी मर्यादा पुन्हा कधीही स्वीकारू नये असे सांगेन. ती उठवून घेण्यासाठी थोडी अधिक आयात द्यावी लागली तरी माझ्या हिशेबाने तो सौदा वाईट ठरत नाही. नव्या कायद्यामुळे मंत्र्यांना आज तो करता येणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही मंडळाने आपला हिशेब तयार ठेवावा : फॅट, एसएनएफ, मागणीची वाढ आणि कर्जात असलेल्या गोठ्यांची संख्या, प्रांतवार, दर तिमाहीला ताजी केलेली. २०१७ मध्ये सातवा वर्ग आखताना शेजारच्या देशातील परिणामांचा हिशेब कमी पडला.